निवडणूक आयोग नसलेल्या देशात निवडणूक कशी पाहायची?
अमेरिकेत फिरणाऱ्या परदेशी पत्रकारांची शिकवणी

१. पहिला प्रश्न

अमेरिकेचा अध्यक्ष कोण झाला हे तिथले टीव्हीवाले परस्पर कसं काय जाहीर करतात? त्यांचा निवडणूक आयोग काय करत असतो? दर चार वर्षांनी नोव्हेंबरात हा प्रश्न आपल्याकडे घरोघरी विचारला जातो, आणि तो अगदी रास्त आहे. दिल्लीत आयोगाची पत्रकार परिषद होते, तारखा जाहीर होतात, त्या क्षणी आचारसंहिता लागू होते, जिल्हाधिकारी जिल्हा निवडणूक अधिकारी म्हणून कामाला लागतात आणि शेवटी विजयी उमेदवाराच्या हातात सहीशिक्क्याचं प्रमाणपत्र पडतं. निवडणूक म्हटलं की हेच चित्र आपल्या डोळ्यांसमोर येतं.

अमेरिकेत असा आयोगच नाही. ‘फेडरल इलेक्शन कमिशन’ नावाची एक संस्था आहे, पण सहा जागांची ही संस्था फक्त पैशांवर लक्ष ठेवते : कोणी कोणाला किती देणगी दिली आणि हिशेब दाखवला की नाही. वॉटरगेट प्रकरणानंतर १९७४ मध्ये झालेल्या कायद्यातून ती जन्मली. २००२ च्या कायद्याने आणखी एक संस्था आली. ती मतदान यंत्रांची मानकं ठरवते आणि राज्यांना अनुदान देते. मतदारयादी करणं, मतपत्रिका छापणं, केंद्रं उघडणं, मतं मोजणं ही सगळी खरी कामं राज्यांची. राज्यंही ती काउंटीकडे, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्या-तालुक्यासारख्या घटकाकडे सोपवतात. ईशान्येच्या काही राज्यांत तर ती गावपातळीवरच होतात. अशी स्थानिक निवडणूक कार्यालयं देशभरात दहा हजारांच्या आसपास आहेत.

सार्वजनिक गणेशोत्सव डोळ्यांसमोर आणला, की ही रचना लगेच कळते. चतुर्थी सगळ्यांची एकच, पण वर्गणी, मूर्ती, मांडव, मिरवणुकीचा मार्ग ज्या त्या मंडळाचा. कायद्याची चौकट वरून येते, उत्सव मात्र कोणतंही मुख्य कार्यालय भरवत नाही. अमेरिकेतही तारीख एकच आहे. नोव्हेंबरातल्या पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार, हे १८४५ च्या कायद्याने ठरलं. बाकी बहुतेक सारं ज्याचं त्याचं.

म्हणूनच परदेशी पत्रकाराला वॉशिंग्टनमध्ये बसून ही निवडणूक कळत नाही. त्याला हिंडावं लागतं.

२. पाहुण्यांना कोण हिंडवतं?

अमेरिकेत बातमीदारीसाठी येणाऱ्या परदेशी पत्रकाराला ‘आय’ वर्गाचा वेगळा व्हिसा लागतो. पर्यटक म्हणून येऊन बातम्या पाठवता येत नाहीत. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने या मंडळींच्या मदतीसाठी वॉशिंग्टन आणि न्यूयॉर्क इथे परदेशी पत्रकार केंद्रं चालवली आहेत. निवडणुकीच्या वर्षांत या केंद्रांनी पत्रकारांच्या तुकड्या वेगवेगळ्या राज्यांत नेल्या. परराष्ट्र खात्याचा पाहुण्यांसाठीचा मोठा कार्यक्रम १९४० पासूनचा आहे. सरकारबाहेरही अशी सोय आहे. मिनेसोटा राज्यातली ‘वर्ल्ड प्रेस इन्स्टिट्यूट’ १९६१ पासून निरनिराळ्या देशांच्या पत्रकारांना बोलावून अमेरिका दाखवत आली आहे.

अशा दौऱ्याचा साचा साधारण ठरलेला असतो. आधी राजधानीत प्राध्यापक आणि मतचाचण्या करणाऱ्यांची व्याख्यानं, मग एखाद्या राज्यात प्रवास, दोन्ही पक्षांची कार्यालयं, एखादी सभा, एखादं काउंटी कार्यालय आणि शेवटी निकालाची रात्र. यजमान सरकारला आपला देश चांगलाच दिसायला हवा असतो, हे कोणत्याही देशात गृहीत धरावं. इथे मात्र एक गोष्ट पाहुण्यांच्या पथ्यावर पडते. काउंटीचा निवडणूक अधिकारी परराष्ट्र खात्याच्या हाताखालचा नसतो, केंद्र सरकारचा नोकरही नसतो. त्याने काय दाखवावं आणि काय बोलावं, हे वॉशिंग्टन ठरवू शकत नाही. बातमी सापडते ती या माणसाच्या टेबलाशी.

बाहेरच्या नजरेने अमेरिका समजून घेऊन ती आपल्या लोकांना सांगायची, हे काम मराठीत फार पूर्वी एका बाईने केलं आहे. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत होत्या. ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे त्यांचं मराठी पुस्तक १८८९ मध्ये प्रसिद्ध झालं. शिक्षण, स्त्रियांची स्थिती, व्यापार यांच्या जोडीला त्यात राज्यव्यवस्थेवर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यांच्या मुक्कामाच्या शेवटच्या वर्षी, १८८८ मध्ये, झालेल्या अध्यक्षीय निवडणुकीत ग्रोव्हर क्लीव्हलंड यांना देशभरात जास्त मतं पडली आणि तरीही बेंजामिन हॅरिसन अध्यक्ष झाले. असं का होतं, हे चौथ्या भागात पाहू. ज्या देशातल्या स्त्रियांना मताचा देशव्यापी हक्क मिळायला १९२० साल उजाडावं लागलं, त्या देशाचा राज्यकारभार एका भारतीय विधवेने १८८९ मध्ये मराठी वाचकांना उलगडून सांगितला. आजच्या कोणत्याही पाहुण्या पत्रकाराने अभिमानाने सांगावी अशी ही परंपरा आहे.

३. जानेवारीतली शाळा

आपल्याकडे उमेदवारी पक्षश्रेष्ठी ठरवतात. अमेरिकेत ती मतदार ठरवतात आणि त्यासाठी आधी एक वेगळी निवडणूक होते. सरकारी यंत्रणेमार्फत मतदान झालं तर तिला प्रायमरी म्हणतात. पक्षाने स्वतः बैठका भरवून कौल घेतला तर तो कॉकस.

प्रायमरीचं महत्त्व मराठी वाचकाला श्री ठाणेदार यांच्या उदाहरणावरून चांगलं कळेल. बेळगाव जिल्ह्यातून अमेरिकेत गेलेले हे गृहस्थ २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीत उतरले आणि हरले. तिकीट ग्रेचेन व्हिटमर यांना मिळालं. २०२२ मध्ये डेट्रॉईटचा समावेश असलेल्या मतदारसंघातून ठाणेदार पुन्हा प्रायमरीत उतरले. अनेक उमेदवारांच्या त्या झुंजीत ते जिंकले आणि नोव्हेंबरात प्रतिनिधिगृहात निवडून गेले. तो मतदारसंघ इतका पक्का डेमोक्रॅट आहे की खरी लढत ऑगस्टातच झाली होती. फक्त नोव्हेंबरात येणाऱ्या पत्रकाराच्या हाती तिथे उरलेला उपचारच लागला असता.

अध्यक्षपदाच्या प्रायमऱ्यांचा हंगाम जानेवारी-फेब्रुवारीच्या कडाक्यात सुरू होतो. १९७२ पासून अनेक दशकं पहिला मान आयोवाचा होता. ९९ काउंट्या, लोकसंख्या सुमारे ३२ लाख, शेती हा मोठा व्यवसाय. १९६८ च्या शिकागो अधिवेशनातल्या गोंधळानंतर डेमोक्रॅट पक्षाने उमेदवार निवडीचे नियम बदलले. आयोवात गाव, काउंटी, जिल्हा, राज्य अशा पायऱ्यांनी प्रतिनिधी निवडायचे असल्यामुळे तिथल्या बैठका लवकर सुरू कराव्या लागल्या. असा कॅलेंडरच्या सोयीने राज्याला पहिला क्रमांक मिळाला. १९७६ मध्ये जिमी कार्टर या फारशा माहीत नसलेल्या माणसाने तिथे बाकी सगळ्या उमेदवारांना मागे टाकलं आणि पुढे तो अध्यक्ष झाला. तेव्हापासून राजधानी डि मॉइनकडे जगभरच्या पत्रकारांची रीघ लागली.

डेमोक्रॅट पक्षाचा कॉकस २०२० पर्यंत कसा चाले, ते एका शाळेच्या व्यायामशाळेत उभं राहून पाहू. संध्याकाळचे सात वाजले आहेत. २०० माणसं जमली आहेत. ज्याला जो उमेदवार हवा, त्या उमेदवाराच्या कोपऱ्यात तो जाऊन उभा राहतो. गुप्त मतदान नाही, शेजाऱ्याने शेजाऱ्याला पाहायचं. नियम असा की साधारणपणे उपस्थितांच्या १५ टक्के, म्हणजे इथे ३० माणसं ज्याच्या कोपऱ्यात नाहीत, तो गट बाद. पहिल्या फेरीत समजा चौघांना ८४, ६२, ३४ आणि २० माणसं मिळाली. वीसवाल्यांचा कोपरा मोडतो. आता बाकीच्या तीन कोपऱ्यांतले लोक त्यांना आपल्याकडे ओढायला धावतात : तुमच्या मुलीच्या शिक्षणकर्जाचं काय, आमचा उमेदवार काय म्हणतो ते ऐका. त्या वीसपैकी १२ जण तिसऱ्या गटात गेले, ५ दुसऱ्यात आणि ३ कंटाळून घरी गेले, तर अखेरचा आकडा ८४, ६७, ४६. या प्रमाणात पुढच्या पायरीचे प्रतिनिधी वाटले जातात.

रिपब्लिकन पक्षाची रीत साधी आहे. भाषणं होतात, मग चिठ्ठीवर नाव लिहून मत टाकायचं.

दोन्ही पद्धतींत कच्चे दुवे आहेत आणि ते उघडे पडले तेव्हा पत्रकार तिथेच होते. २०१२ मध्ये रिपब्लिकनांनी मिट रॉम्नी ८ मतांनी जिंकल्याचं सांगितलं. फेरतपासणीत रिक सँटोरम ३४ मतांनी पुढे निघाले. २०२० मध्ये डेमोक्रॅट पक्षाचं निकाल कळवणारं मोबाइल ॲप कोलमडलं आणि त्या रात्री निकालच लागला नाही. पुढे पक्षाने आयोवाचा पहिला मान काढून घेतला आणि २०२४ मध्ये तिथे टपालाने पसंती मागवली. कोपरे मोडण्याचा तो देखावा आता दिसत नाही. मला त्याचं वाईट वाटतं, कारण राजकारणावर शेजाऱ्याशी समोरासमोर बोलायला लावणारी इतकी उघडी पद्धत दुसरीकडे सहसा सापडत नाही. अर्थात रात्रपाळीच्या कामगाराला, तान्ह्या बाळाच्या आईला आणि आजारी माणसाला ती वगळत होती, हा आक्षेपही तितकाच खरा होता.

आयोवानंतर न्यू हॅम्पशायर. आपली प्रायमरी देशात पहिली असेल, असं या राज्याने कायद्यातच लिहून ठेवलं आहे. उत्तरेकडच्या डिक्सव्हिल नॉच या वस्तीत १९६० पासून मध्यरात्री बाराच्या ठोक्याला मतदान करण्याची प्रथा आहे. जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या सहाच्या सहा मतदारांनी रिपब्लिकन उमेदवार निकी हेली यांना मत दिलं. राज्यात जिंकले डोनाल्ड ट्रम्प. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्या वस्तीने ट्रम्प आणि कमला हॅरिस यांना तीन-तीन मतं दिली. कॅमेऱ्यांना हे दृश्य आवडतं, पण त्यावरून निकालाचा अंदाज बांधू नये, हे दौऱ्यावरच्या नवख्या पत्रकाराला लवकर कळलेलं बरं.

४. २७० चं गणित

अध्यक्षाची निवड थेट मतांनी होत नाही. प्रत्येक राज्याला ठरावीक ‘इलेक्टर’ मिळतात : प्रतिनिधिगृहातले त्या राज्याचे सदस्य आणि सिनेटचे दोन, यांच्या बेरजेइतके. राजधानी वॉशिंग्टनला तीन. एकूण ५३८, बहुमत २७०. मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्यं सोडली तर सगळीकडे राज्यात जो पुढे, त्याला त्या राज्याचे सगळे इलेक्टर.

एक छोटं उदाहरण घेऊ. देशात तीनच राज्यं आहेत. पहिल्या दोन राज्यांत प्रत्येकी २० लाख मतं आणि १० इलेक्टर, तिसऱ्यात १२ लाख मतं आणि ६ इलेक्टर. उमेदवार ‘क’ पहिल्या दोन्ही राज्यांत १०.१ विरुद्ध ९.९ लाख असा निसटता जिंकला, तिसऱ्यात ३ विरुद्ध ९ लाख असा सपाटून हरला. त्याची एकूण मतं २३.२ लाख, ‘ख’ची २८.८ लाख. पण इलेक्टर ‘क’कडे २० आणि ‘ख’कडे ६. अध्यक्ष ‘क’. १८८८ मध्ये आणि २००० मध्ये असंच घडलं. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना ट्रम्प यांच्यापेक्षा २८ लाखांहून जास्त मतं मिळाली आणि तरी त्या हरल्या.

सिनेटच्या दोन जागा सगळ्यांना सारख्या असल्याने लहान राज्याचं पारडं थोडं जड होतं. २०२० च्या जनगणनेनुसार वायोमिंगमध्ये सुमारे १ लाख ९२ हजार लोकांमागे एक इलेक्टर येतो, तर कॅलिफोर्नियात सुमारे ७ लाख ३२ हजारांमागे.

पत्रकाराच्या तिकिटावर याचा थेट परिणाम होतो. कॅलिफोर्नियाचे ५४ इलेक्टर कोणाचे हे आधीच माहीत असतं, म्हणून प्रचार तिकडे फारसा फिरकत नाही. २०२४ मध्ये सगळं लक्ष सात राज्यांवर होतं : पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलायना, ॲरिझोना, नेवाडा. सगळ्यांचे मिळून ९३ इलेक्टर. या सातांपैकी एखादं राज्य न पाहता परतलेल्या पत्रकाराने त्या वर्षीचा प्रचार पाहिलाच नाही, असं खुशाल म्हणता येईल.

५. काउंटीच्या कार्यालयात

आता या प्रकरणाच्या गाभ्याशी येऊ. ॲरिझोना राज्यातली मॅरिकोपा काउंटी, म्हणजे फीनिक्स शहर आणि भोवतालचा परिसर. नोंदणीकृत मतदार २४ लाखांहून अधिक. २०२० मध्ये सारं ॲरिझोना राज्य जो बायडन यांनी फक्त १०,४५७ मतांनी जिंकलं. तेव्हापासून इथलं मतमोजणी केंद्र जगातल्या सर्वांत जास्त पाहिल्या गेलेल्या सरकारी इमारतींपैकी एक झालं असावं. कुंपण, कॅमेरे, थेट प्रक्षेपण, सगळं आहे.

मतपत्रिकेपासून सुरुवात करावी. आपल्या यंत्रावर एका मतदारसंघाचे उमेदवार असतात आणि एक बटण दाबलं की काम झालं. तिथे एकाच मतपत्रिकेवर अध्यक्ष, सिनेटर, प्रतिनिधी, राज्याचे आमदार, शेरीफ, काउंटीचे अधिकारी, शाळामंडळ, न्यायाधीशांना पदावर ठेवायचं की नाही आणि शिवाय राज्यघटनेत बदल करणारे प्रस्ताव, असं सगळं असतं. २०२४ मध्ये मॅरिकोपाची मतपत्रिका दोन कागदांची झाली होती. मतदाराला घरी बसून, माहितीपुस्तिका उघडून ती भरावीशी वाटते यात नवल नाही. ॲरिझोनातले बहुसंख्य मतदार टपालाने आलेल्या मतपत्रिकेवरच मत देतात.

अशी भरलेली मतपत्रिका लिफाफ्यात येते. लिफाफ्यावर मतदाराची सही असते. कर्मचारी ती सही आधीच्या कागदपत्रांवरच्या सह्यांशी ताडून पाहतात. जुळली नाही तर मतदाराला फोन, संदेश किंवा पत्र जातं आणि सही आपलीच असल्याचं सांगायची संधी मिळते. सही पक्की झाली की लिफाफा दोघांच्या टेबलावर येतो. हे दोघे वेगवेगळ्या पक्षांचे असलेच पाहिजेत. ते लिफाफा उघडतात, मतपत्रिका वेगळी काढतात, फाटली आहे का, चहाकॉफी सांडली आहे का ते पाहतात. यंत्राला वाचता येणार नाही अशी असेल, तर मतदाराचा कौल पाहून तिची नक्कल करण्याचं कामही दोन पक्षांची माणसं मिळूनच करतात. दिवसभर एका टेबलाशी एक डेमोक्रॅट आणि एक रिपब्लिकन शेजारीशेजारी बसून कागद वेगळे करत आहेत, हे दृश्य टीव्हीवरच्या चर्चांतून आलेल्या पाहुण्याने डोळे भरून पाहावं. त्या देशाबद्दल ते जे सांगतं ते कोणत्याही व्याख्यानात मिळत नाही.

मतदानापूर्वी यंत्रांची जाहीर चाचणी होते. निकाल आधीच ठाऊक असलेल्या मतपत्रिकांचा गठ्ठा यंत्रात घालायचा आणि यंत्राची बेरीज त्याच्याशी जुळते का पाहायचं. आपल्या केंद्रांवर मतदानाच्या दिवशी प्रतिनिधींसमोर किमान ५० मतांचा मॉक पोल घेतात, त्यामागचा विचार हाच. फरक असा की तिथे मूळ मत कागदावर असतं. वाद झाला तर कागद पुन्हा मोजता येतात.

आणि ते मोजले गेलेही. २०२१ मध्ये राज्याच्या सिनेटमधल्या रिपब्लिकनांनी मॅरिकोपाच्या मतपत्रिका एका खासगी कंपनीकडून पुन्हा तपासून घेतल्या. स्थानिक वृत्तपत्राची एक बातमीदार निरीक्षक म्हणून आत गेली, तेव्हा टेबलांवर निळी पेनं दिसल्याने ती चकित झाली. मोजणीच्या खोलीत निळं वा काळं पेन नेत नाहीत, कारण त्या शाईची खूण यंत्र मत म्हणून वाचू शकतं. तिथे लाल किंवा हिरवं चालतं. तिने विचारणा केली आणि पेनं बदलली गेली. शेवटी त्या तपासणीत बायडन यांची ९९ मतं वाढली आणि ट्रम्प यांची २६१ घटली.

वर्षानुवर्षं काउंटीच्या बैठकांना बसणाऱ्या माणसालाच निळ्या पेनाची बातमी दिसते. पाहुण्या पत्रकाराने दौऱ्यातला सर्वांत जास्त वेळ कोणाबरोबर घालवावा असं कोणी विचारलं, तर माझं उत्तर हेच : तिथल्या स्थानिक बातमीदाराबरोबर. काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. २००५ पासून अमेरिकेतली एक तृतीयांशाहून अधिक वृत्तपत्रं बंद पडली आहेत. कित्येक काउंट्यांत अशी माणसंच उरलेली नाहीत.

६. पंच कोणाचा?

आपल्याकडून गेलेल्या पत्रकाराला सर्वांत जास्त खटकते ती एक गोष्ट. बऱ्याच राज्यांत निवडणुकीचा प्रमुख अधिकारी, ज्याला तिथे ‘सेक्रेटरी ऑफ स्टेट’ म्हणतात, स्वतः पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेला असतो. २००० मध्ये फ्लोरिडातला निकाल ५३७ मतांवर आला. पाम बीच काउंटीत मतपत्रिकेची दोन पानं फुलपाखराच्या पंखांसारखी मांडल्याने मतदार गोंधळले होते. भोक पाडायच्या कार्डांवरचे अर्धवट लोंबणारे तुकडे मत धरायचे की नाही, यावर देशभर वाद चालला. त्या निकालावर सही करणाऱ्या सेक्रेटरी ऑफ स्टेट कॅथरीन हॅरिस याच जॉर्ज बुश यांच्या फ्लोरिडातल्या प्रचाराच्या सहअध्यक्ष होत्या. शेवटी डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने फेरमोजणी थांबवली. २०१८ मध्ये जॉर्जियात ब्रायन केम्प गव्हर्नरपदाचे उमेदवार होते आणि त्याच निवडणुकीच्या यंत्रणेचे प्रमुखही.

ही पद्धत चुकीची आहे असं माझं स्पष्ट मत आहे. सामन्यातल्या एका बाजूला पंच नेमू नये, याला कोणताही सिद्धान्त लागत नाही. पण त्याच जॉर्जियात २०२० मध्ये काय घडलं तेही नोंदवायला हवं. फरक ११,७७९ मतांचा होता. रिपब्लिकन सेक्रेटरी ऑफ स्टेट ब्रॅड रॅफन्सपर्गर यांनी मतपत्रिका हातांनी मोजून घेतल्या आणि आपल्याच पक्षाच्या अध्यक्षाचा दबाव झुगारून निकालावर शिक्कामोर्तब केलं. रचना सदोष असली तरी त्या वेळी माणूस टिकला.

७. दारापाशीच नियम बदलतो

मतदानाच्या दिवशी पत्रकाराला केंद्रात जाता येतं का? राज्य कोणतं, यावर उत्तर अवलंबून. काही ठिकाणी थोडा वेळ आत उभं राहू देतात, काही ठिकाणी दाराबाहेरच. आपल्याकडे आयोग अधिकारपत्र देतो. तिथे प्रत्येक राज्याचा नियम आधी वाचून जावा लागतो.

मतदारांच्या बाबतीतही तसंच. टेक्सासमध्ये ओळख म्हणून पिस्तुलाचा परवाना चालतो, पण विद्यापीठाचं ओळखपत्र चालत नाही. कॅलिफोर्नियात बहुतेक मतदारांना केंद्रावर काहीच दाखवावं लागत नाही. नॉर्थ डकोटात मतदार नोंदणीच नाही. ओरेगॉनमध्ये मतदान मुख्यतः टपालानेच होतं.

आंतरराष्ट्रीय निरीक्षकांनाही हाच अनुभव आला. युरोपातल्या सुरक्षा आणि सहकार्य संघटनेचे निरीक्षक २००२ पासून अमेरिकेत येतात, कारण निवडणुकीला निरीक्षक बोलावण्याचं वचन देणारा १९९० चा कोपनहेगन दस्तऐवज अमेरिकेने स्वतः मान्य केला आहे. तरी २०१२ मध्ये टेक्सासच्या महाधिवक्त्यांनी त्यांना बजावलं, की केंद्राच्या दारापासून १०० फुटांच्या आत आलात तर कारवाई होईल. वॉशिंग्टनचं आमंत्रण टेक्सासच्या दाराशी संपलं.

तुलनेसाठी आपल्याकडचा कार्यक्रम पाहावा. मे २०२४ मध्ये भारताच्या निवडणूक आयोगाने २३ देशांतले ७५ प्रतिनिधी बोलावले. छोटे गट करून त्यांना सहा राज्यांत नेलं, त्यांत महाराष्ट्र आणि गोवाही होते. बहुतेक पाहुणे त्या त्या देशांच्या निवडणूक यंत्रणांचे होते. भूतान आणि इस्रायलची माध्यमपथकंही निमंत्रितांत होती. इथे एकच यजमान आणि एकच नियमपुस्तक होतं. पाहुण्यांची सोय झाली यात शंका नाही. मात्र एकाच यजमानाच्या मागे हिंडणाऱ्याने वाट वाकडी करून गावातल्या माणसाशी बोलायची सवय अधिक जपावी.

८. निकालाची रात्र

आता सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर. ‘असोसिएटेड प्रेस’ ही वृत्तसंस्था १८४८ पासून अध्यक्षीय निवडणुकीची मतं गोळा करत आली आहे. निवडणुकीच्या रात्री तिचे सुमारे चार हजार वार्ताहर काउंटी कार्यालयांत बसतात, तिथे जाहीर होणारे आकडे कळवतात आणि मुख्य कार्यालयातली मंडळी ते तपासतात. उरलेल्या मतांत पिछाडीवरच्या उमेदवाराला पुढे जाणं शक्यच नाही अशी खात्री पटली, की तिथला निकाल सांगतात. म्हणजे टीव्हीवाल्यांची घोषणा ही बातमी असते, कायदेशीर निकाल नव्हे.

२०२० मध्ये मतदान ३ नोव्हेंबरला झालं आणि ही बातमी आली ७ तारखेला. कारण कायद्यातच होतं. पेनसिल्व्हेनियात टपाली लिफाफे मतदानाच्या दिवशी सकाळी सातपूर्वी उघडताच येत नाहीत. डेमोक्रॅट मतदारांनी त्या वर्षी टपाल जास्त वापरलं. म्हणून आधी मोजलेल्या मतांत ट्रम्प पुढे दिसले आणि लिफाफे उघडत गेले तसे बायडन वर सरकले. हा क्रम ज्या पत्रकाराने काउंटी कार्यालयात समजून घेतला होता, त्याला त्या चार दिवसांत काहीच गूढ वाटलं नाही. ज्याने घेतला नव्हता, त्याच्या बातम्यांत ‘रात्रीत आकडे फिरले’ असं आलं आणि संशयाचं बी जगभर पसरायला मदत झाली. २०२४ मध्ये मात्र अंतर स्पष्ट असल्याने विस्कॉन्सिनच्या आकड्यांनंतर दुसऱ्याच पहाटे, आपल्याकडे दुपारी चारच्या सुमारास, चित्र पक्कं झालं.

९. पाहुणे परतल्यावर

बहुतेक दौरे त्या रात्रीनंतर संपतात. निवडणूक संपत नाही. काउंट्या पुढचे काही दिवस मतांचा ताळा जुळवतात. २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाने मतदानाच्या तारखेपर्यंतचा शिक्का असलेली टपाली मतं नंतर सात दिवसांपर्यंत स्वीकारली. मग राज्यं निकाल प्रमाणित करतात. डिसेंबरच्या मध्यात प्रत्येक राज्याचे इलेक्टर आपापल्या राजधानीत जमून मत देतात. ही मतं ६ जानेवारीला संसदेच्या संयुक्त बैठकीत उघडली जातात आणि २० जानेवारीला शपथविधी होतो.

६ जानेवारी २०२१ ला ही मोजणी चालू असताना जमावाने संसद भवनावर हल्ला केला. त्यानंतर २०२२ मध्ये कायदा सुधारला गेला. बैठकीच्या अध्यक्षस्थानी उपाध्यक्ष असले तरी त्यांचं काम केवळ औपचारिक आहे, हे त्यात स्पष्ट लिहिलं. एखाद्या राज्याच्या निकालावर आक्षेप घ्यायचा तर पूर्वी प्रत्येक सभागृहातला एक सदस्य पुरे, आता प्रत्येक सभागृहाच्या एक पंचमांश सदस्यांच्या सह्या लागतात. नव्या कायद्याखालची पहिली मोजणी ६ जानेवारी २०२५ ला झाली. अध्यक्षस्थानी उपाध्यक्ष कमला हॅरिस होत्या. ट्रम्प ३१२, हॅरिस २२६, असा आपल्याच पराभवाचा आकडा त्यांनी वाचून दाखवला. एकही आक्षेप आला नाही आणि तासाभराच्या आत बैठक आटोपली.